सालपटांतली वाट

१

बुधवारी सकाळी बाळयेशूच्या तसबिरीमागे हात घातला, तर लिफाफा नव्हता.

तसबीर उतरवली, मागचा पुठ्ठा काढला, खिळ्याभोवतीची भिंत चाचपली. पत्र्याची भिंत ती, तिच्यात काय लपणार. चार दिवस आई खोलीच्या मधोमध शवपेटीत निजली होती आणि मी तिच्या पायाशी बाकावर. मंगळवारी रात्रीची प्रार्थना झाल्यावर तसबिरीची काच मी स्वतः पुसली होती. तेव्हा लिफाफा होता. तोंड चिकटवलेला, वर आईच्या हातचा आकडा : ४१७.

तोच आकडा आमच्या दारावर लाल रंगात आहे. तीन वर्षांपूर्वी घरांच्या कचेरीतली माणसं रंगाचा डबा घेऊन नाल्याकाठी आली, प्रत्येक झोपडीवर आकडा काढला, आत कोण कोण राहतं ते लिहून घेतलं आणि घरटी एक पिवळी चिठ्ठी देऊन गेली. त्या दिवशी जो घरात नव्हता तो सरकारच्या लेखी कुठेच नव्हता. मी नव्हते. मी सेबूला एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत होते. यंदा छापखाना बंद झाला, त्याच्यामागे भाड्याची कॉटही सुटली. त्रेचाळिसाव्या वर्षी मी दोन पिशव्या पुस्तकं घेऊन बोटीनं मनिलाला परत आले, ते आईच्या मयतालाच.

गुरुवारी नऊ वाजता त्या लिफाफ्यातल्या चिठ्ठीसह कचेरीत हजर व्हायचं होतं. जो हजर राहील त्याला नव्या इमारतीत खोली, इथून तीन गल्ल्यांवर. जो नाही राहणार त्याची खोली यादीतल्या पुढच्याला. शुक्रवारी दफन. सोमवारी नाल्याकाठी पाडायची यंत्रं.

आईनं या खोलीची एकतीस वर्षं वाट पाहिली. दोनदा आग, तीनदा पाडापाडी. एकदा तर सरकारनं खरंच घर दिलं होतं, डोंगरावर, शहरापासून चार तासांवर. भिंती होत्या, नळ नव्हता, काम नव्हतं. वडील पहाटे तीनला निघत, रात्री दहाला परतत. दुसऱ्या वर्षी परतीच्या बसमध्ये झोपले ते उठलेच नाहीत. आईनं त्या घराला कडी घातली आणि पुन्हा नाल्यावर आली. जिथून कामाला चालत जाता येतं ते घर, एवढीच तिची व्याख्या होती.

मी जमिनीकडे पाहिलं ते मान खाली गेली म्हणून. चार दिवसांच्या जागरणात आलेल्यांनी खारवलेल्या कलिंगडाच्या बिया फोडून सालपटं टाकली होती. सगळी जमीन काळी झाली होती. दारापासून थर्मासपर्यंत पायांखाली त्यांचा चुरा झालेला. आणि पाण्याच्या पिंपापासून आईच्या शवपेटीपर्यंत दोन विती रुंद एक पट्टा लख्ख होता. एक सालपट नाही.

वेगळं बिऱ्हाड केलेला थोरला भाऊ, कुया देल्फिन, कॉफी घ्यायला आत आला. त्यानं पट्टा पाहिला आणि कप खाली ठेवला.

“लुदी,” तो हळूच म्हणाला, “मयत घरात असताना कुणी झाडलंय?”

२

प्रेत घरात असताना झाडू मारत नाहीत. मेलेल्यामागोमाग घरातली आणखी माणसं झाडली जातात म्हणतात. देल्फिन देवाला मानत नाही, पोलिसाला मानत नाही, पण चार दिवस तो सालपटं तुडवत वावरला होता.

“हे आपल्यातल्या कुणाचं काम नाही,” तो म्हणाला. “मेंबर. त्याच्या बंगलीत मोलकरीण दिवसातून दोनदा झाडते. त्याला कसलं सुतक आठवतंय.”

मेंबर म्हणजे वॉर्डाचा सभासद रोदेल. आदल्या संध्याकाळी तो येऊन गेला होता. त्याच्यादेखत देल्फिननं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, की बुधवारी सकाळी लिफाफा मेंबरसमोर फोडू, गुरुवारी लुदी जाऊन खोली ताब्यात घेईल आणि वरच्या भाडेकरणीनं तोवर आपलं गाठोडं आवरावं.

वरची भाडेकरीण म्हणजे लुमेन. सामार बेटावर वादळात घर आणि नवरा दोन्ही गेले, तेव्हा दोन मुली घेऊन ती शहरात आली. काही महिने पुलाखाली काढले. आई तिथे भात विकायची. तिनंच हिला आणून पोटमाळ्यावर ठेवलं. पाच वर्षं झाली. देल्फिनला ती कुया, म्हणजे दादा, म्हणते आणि मला आते, म्हणजे ताई. आईची शेवटची दुखणी तिनं काढली, मी नाही.

देल्फिन पोटमाळ्यावर चढला. मुलींची दप्तरं उलटी केली, चटई झटकली, गाठोडं सोडलं. काही मिळालं नाही. लुमेन पिंपाशी शिडी धरून उभी होती. “अजून काही बघायचं असेल तर बघा, कुया,” एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला त्या वेळी खटकलं.

मी कुणाकडे जाणार होते? पोलीस नाल्याकाठी येतात ते पाडापाडीच्या दिवशी. मी लोला एपांगला बोलावलं.

लोला म्हणजे आजी; एपांग आमच्याकडची प्रार्थना सांगणारी. ऐंशीला टेकलेली. चाळीस वर्षांत या काठावरच्या प्रत्येक मयताला ती नऊ-नऊ दिवस बसली आहे. मेलेल्यांसाठी तोंडानं बोलते आणि जिवंतांकडे डोळ्यांनी बघते. कुणाची सून खोटं रडते, कुणाच्या मुलानं अंगठी काढून घेतली, तिला न विचारता कळतं.

ती आली, बाकावर बसली, पट्ट्याकडे बघत मूठभर बिया मागून घेतल्या.

“चोर मिळेल गं,” ती म्हणाली. “पण आधी मला एक सांग. चिठ्ठीवर नाव कुणाचं?”

“आईचं. अजून कुणाचं असणार?”

“तू पाहिलंस?”

लिफाफा चिकटवलेला होता. आईनं फोनवर इतकंच सांगितलं होतं, की चारशे सतरा आपला आहे, फार विचारू नकोस.

३

दिवसभर ती एकेकाशी बोलली. उलटतपासणी म्हणवणार नाही असं. गुडघे दुखतात, कॉफी गार आहे, असल्या तक्रारींच्या मधेमधे.

आधी आम्ही नाक्यावरच्या बेकरीत गेलो. मयताच्या घरून माणूस सरळ आपल्या घरी जात नाही, नाही तर मेलेला मागे येतो. वाटेत कुठेतरी थांबून त्याला चुकवायचं असतं. आमच्याकडून निघालेला प्रत्येक जण आलिंग, म्हणजे मावशी, चारिंगच्या बेकरीत थांबतो. त्यामुळे कोण किती वाजता गेलं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

चारिंगनं सांगितलं, मेंबर नवाच्या सुमाराला आला, पाव घेतला आणि बाहेरच्या पत्त्यांच्या टेबलाशी उजाडेपर्यंत बसून राहिला. हरत होता, म्हणून उठवेना. देल्फिनही त्याच टेबलाशी. तो मध्ये दोनदा घरात जाऊन कॉफी घेऊन आला, लगेच परतला.

“तो मेंबर पाव घेतो आणि माझ्याच बाकावर सोडून जातो,” ती म्हणाली. “मेलेल्याला चुकवायला आलेला माणूस. भूक कुठली त्याला.”

मेंबर घरीच भेटला. चिठ्ठीचं ऐकून हसला.

“लोला, मी चोर असेनही, पण खुळा नाही. ती चिठ्ठी म्हणजे काही जत्रेतलं तिकीट आहे का, ज्याच्या हातात त्याचा पाळणा? चिठ्ठीवरचं नाव, कचेरीतल्या वहीतलं नाव आणि समोर उभा माणूस, तिन्ही जुळावी लागतात. परक्याला तिचा उपयोग पत्रावळीइतकाही नाही.”

“आणि मालक वारला असेल तर?”

“नोंदणीच्या दिवशी घरात असलेला वारस. तोही साफ हवा. एकदा कुठंही सरकारी घर मिळालेल्याचं नाव लावलं की संगणकात लाल होतं. मग ते घर डोंगरावर असो नाही तर चंद्रावर. लाल ते लाल.” मग माझ्याकडे वळून जरा वरमून म्हणाला, “तू लांबून आलीस म्हणून काल बोललो नाही, लुदी. मला वाटलं आलिंग पुरानं काहीतरी वाट काढली असेल. तिनं आयुष्यभर तेच केलं.”

आलिंग पुरा म्हणजे माझी आई, पुरिफिकासियोन.

परतताना लोला एपांग मध्येच थांबली, बियांची सालं तोंडातून काढून नाल्यात टाकली.

“परक्याला उपयोग नाही,” ती म्हणाली. “म्हणजे चोरी परक्याची नाही. आता घरी चल. मला झाडू बघायचाय.”

४

झाडू दारामागे टांगलेला होता. शनिवारी पेटी घरात आली तेव्हा लोलानं स्वतः तो लाल दोरीनं बांधून ठेवला होता, कुणाचा चुकून हात जाऊ नये म्हणून. तिची ती तिपेडी गाठ या काठावर कुणाला येत नाही. गाठ जशीच्या तशी होती.

“मग झाडलंच नाही,” मी म्हणाले.

“नाही. सालपटं वेचलीत. एकेक करून, हातानं. ज्याला रीत ठाऊक आहे आणि मोडायची नाही, असं माणूस.” ती गुडघ्यांवर हात ठेवून कष्टानं वाकली. “तू वाचणारी बाई आहेस. सांग, चोर सालपटं कशाला वेचील?”

मी उत्तर शोधत एक पाऊल पुढे टाकलं आणि पायाखाली कडकड झाली. शांत खोलीत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला.

“मी जागी होऊ नये म्हणून,” मी म्हणाले.

“चार रात्रींनी तुझा पहिल्यांदा डोळा लागला होता. आता वाट कुठून निघाली ते बघ. बाहेरचा असता तर दारापासून वेचत आला असता.”

वाट पिंपापासून निघत होती. पिंपाला टेकून पोटमाळ्याची शिडी उभी होती. सकाळपासून मी त्या शिडीकडे दहा वेळा पाहिलं असेल.

मला राग यायला हवा होता. पण त्या पाच दिवसांत राग येण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. मी म्हणाले, देल्फिननं वर सगळं उलथंपालथं केलं, तिच्याकडे काही नाही.

“वाट कुठे संपते?” लोलानं विचारलं.

वाट तसबिरीपाशी संपत नव्हती. तसबीर शिडीच्या वरच्या पायरीवरूनच हाताला लागते, तिच्यासाठी जमिनीवर उतरायची गरजच नव्हती. वाट आईपाशी संपत होती.

आम्ही दोघी पेटीच्या झाकणाच्या काचेतून आत पाहू लागलो. पेटीत ठेवताना आईच्या हातांत जपमाळ गुंफली होती आणि लोलानं तिचा धागा कात्रीनं तोडला होता; मरणाची साखळी तुटावी, घरातलं आणखी कुणी तिच्यामागे जाऊ नये म्हणून तोडतात. तुटलेली टोकं तिनं डाव्या अंगठ्यावर ठेवली होती, सगळ्यांना दिसतील अशी.

आता डाव्या अंगठ्यावर काहीच नव्हतं.

५

लोलानं बाहेरच्या पुरुषांना सांगितलं, पुराचे केस नीट करायचेत, कुणी आत येऊ नका. मग लुमेनला हाक मारली.

लुमेन शिडीवरून उतरली. आम्ही दोघी पेटीशी उभ्या आहोत हे पाहून तिसऱ्या पायरीवरच बसली.

“काच तूच उचल बाई,” लोला म्हणाली. “तुला सवय आहे.”

लुमेननं काच उचलली. आईचे हात तिनं असे हलवले, की झोपमोड होऊ नये. हातांखालून लिफाफा काढून तिनं माझ्यासमोर धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “उघडा, आते लुदी. आता उघडायलाच हवा.”

आत पिवळी चिठ्ठी. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी तपासल्या आहेत. ही ओळ मी तीनदा वाचली. घर क्रमांक चारशे सतरा. कुटुंबप्रमुख : लुमेन अबेयार. मुली दोन. आणि चौथ्या ओळीवर, त्याच घरातली चौथी व्यक्ती : पुरिफिकासियोन, वय सदुसष्ट, भाडेकरू.

“नानायनंच सांगितलं नोंदणीवाल्यांना,” लुमेन म्हणाली. ती माझ्या आईला नानाय म्हणे, मी म्हणते तशी. “डोंगरावरचं घर तिच्या नावावर लागलेलं. तिचं नाव सांगितलं असतं तर चारशे सतरा नंबरच कटला असता. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, गप बस, आजपासून तू मालकीण आणि मी भाडेकरीण, आणि भाडं मागायला आलीस तर बघ. मग दिवसभर हसत होती.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही फोनवर दर वेळी विचारायचा, आपला नंबर आहे ना. तिच्या तोंडून नाही निघालं. काल कुया म्हणाले सकाळी फोडू. त्यांनी माझं नाव वाचलं असतं तर तिथल्या तिथे फाडलं असतं. कुठे लपवू? माझं म्हणून या घरात काय आहे? सगळं शोधणार हे ठाऊक होतं. म्हणून म्हटलं, जिची वस्तू तिनंच सांभाळावी. उद्या पहाटे काढून घेणार होते. कचेरीतून आल्यावर तुमच्या पाया पडणार होते.”

“आणि मी नसतं ऐकलं तर?”

“पूल आहेच की,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो.

मी चिठ्ठी हातात धरून बसले. एकतीस वर्षं जी या पत्र्याखाली राबली, ती कागदावर स्वतःच्याच घरात भाडेकरू होती. मी तर भाडेकरूही नव्हते. तक्रार करावी, तर लुमेनचं नाव कटेल आणि माझं लागणार नाही. गप्प राहावं, तर सोमवारनंतर माझ्या दोन पिशव्या कुठे ठेवायच्या ते मला माहीत नव्हतं.

दार उघडलं. देल्फिनला धीर धरवला नव्हता. त्यानं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली. वाचताना त्याचे ओठ हलत होते. लुमेन उठून मुलींच्या दप्तरांपाशी जाऊन उभी राहिली.

“आईनं मला सांगायचं तरी,” तो म्हणाला.

“तू फाडली असतीस,” लोला एपांग म्हणाली.

त्यानं चिठ्ठीकडे पाहिलं, मग आईकडे. घडी होती तशी पुन्हा घातली आणि चिठ्ठी लुमेनच्या हातात न देता तिच्या मुलीच्या दप्तरावर ठेवून बाहेर गेला.

काच बसवण्याआधी लोलानं तुटलेली टोकं पुन्हा डाव्या अंगठ्यावर आणून ठेवली.

“तिनं अजून एक सांगितलं होतं,” लुमेन म्हणाली. “नाव माझं राहू दे. पण खिडकीखालची जागा लुदीची.”

६

गुरुवारी कचेरीत लुमेन माझा हात धरून रांगेत उभी होती. कारकुनानं चिठ्ठी वहीशी ताडून पाहिली. प्रमुख हजर. मुली हजर. चौथ्या ओळीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, ही भाडेकरू कुठे आहे?

“वारली,” लुमेन म्हणाली.

त्यानं पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. मी हजारो ओळी अशा खोडल्या असतील. रेघ नीट आली होती.

“आणि या कोण?”

लुमेननं तोंड उघडलं, पण मीच म्हणाले, “पाहुणी.”

“पाहुण्यांची नोंद नसते,” तो म्हणाला आणि किल्ली पुढे सरकवली. चौथा मजला.

शुक्रवारी दफन झालं. देल्फिननं खांदा दिला, मातीही त्यानंच ओढली. नंतर माझ्या दोन्ही पिशव्या आणि लुमेनचं गाठोडं आपल्या जीपनीत, तो चालवतो त्या प्रवासी गाडीत, टाकून तो आमच्या आधीच इमारतीकडे निघून गेला. मला वाटतं, त्याला कुणाला काही बोलायला लागू नये असं हवं होतं.

आम्ही दफनभूमीतून चालत आलो. नाक्यावर चारिंगनं बेकरीच्या दारातून हाक मारली. सगळे थांबले होते. लोला एपांग बाकावर बसली होती, मेंबर पाव हातात घेऊन उभा होता. लुमेनही मुलींना घेऊन वळली.

मी वळले नाही.

“अगं लुदी, थांब. सरळ कुठे निघालीस?” चारिंग म्हणाली. “पुरा मागे येईल ना तुझ्या.”

“जाऊ दे तिला,” लोला एपांगचा आवाज आला. “मुद्दामच चाललीय ती.”

तीन गल्ल्या मी कुठेही न थांबता, मागे न बघता चालले. आईचे गुडघे दुखत म्हणून जिने सावकाश चढले. प्रत्येक मजल्यावर जरा उभी राहिले. चौथ्या मजल्यावर दार उघडून बाजूला झाले, आणि थोड्या वेळानं आत जाऊन खिडकी उघडली.